क्रीडा संचालक नेमकं करतात काय? (आमच्या सरांच्या ३६ वर्षांच्या निमित्ताने)

सड्यावरचा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, काल आमच्या गोव्यातल्या कॉलेजात क्रीडा संचालकांचा निरोप समारंभ झाला. १९८९ ला लागले, २०२५ ला सुटले. शाल, श्रीफळ, समई, सगळं झालं. पाहुण्यांनी "सरांनी क्रीडाक्षेत्राची सेवा केली" हे वाक्य चार वेळा म्हटलं, त्यानंतरच्या वक्त्याने दोनदा. सेवा म्हणजे काय केलं, ते कोणीच सांगितलं नाही. शेजारी बसलेला माझा अकरावीतला मुलगा कानात विचारतो, "बाबा, पण ते शिकवायचे काय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

सरांचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. त्यांना आवडायचं नाही. ज्यांना ओळखायचं ते पुढच्या परिच्छेदातच ओळखतील.

आमचं मैदान सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. खाली जांभा, वर बोटभर माती. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की सर दोन गड्यांना घेऊन गवत कापायला लागायचे, आणि मग एका सकाळी ट्रॅक आखायचा कार्यक्रम. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा त्यांनी मला दोरी धरायला उभं केलं. २०० मीटरचा ट्रॅक, चार लेन. सर वहीत हिशेब सांगत जायचे: दोन्ही बाजू ४० मीटर सरळ, म्हणजे ८० झाले. उरले १२०, ते दोन अर्धवर्तुळांत. १२० भागिले दोन पाय (गणितातला π), आले १९.१०. धावणारा काही रेषेवरून धावत नाही, रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून धावतो, म्हणून तेवढे वजा. दोरी १८.९०. मध्ये लोखंडी खुंटी. ती जांभ्यात जायची नाही, पहारेने आधी भोक पाडावं लागायचं. मग दोरीच्या टोकाला मी, माझ्या मागून सर फक्कीचा, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीचा, डबा घेऊन वाकलेले. संपूर्ण वळण वाकून. लेनची रुंदी १.२२, चार वेळा तेच.

मोजायला कातडी डबीतली एक जुनी ५० मीटरची टेप होती. तिचे पहिले दहा सेंटीमीटर तुटलेले. त्यामुळे सर दर वेळी ओरडायचे, "धा वयल्यान धर रे!" दहावरून धर. विसरलं की अख्खा ट्रॅक दहा सेंटीमीटर खोटा.

आणि दुसऱ्या लेनवाला ७.०४ मीटर पुढे उभा राहायचा, तिसरा त्याच्या पुढे, चौथा त्याच्या पुढे. हा आकडा माझ्या डोक्यात अजून बसलेला आहे. बारावीत पाय ही काय भानगड ते मला कळलं नव्हतं, ते मैदानावर कळलं. म्हणजे शिकवायचे की!

तुमच्या कॉलेजातले पीटी सर, फिजिकल डायरेक्टर, जिमखाना सर, जे काय म्हणत असाल ते, आठवत असतील तर लिहा.

खवचट खोर्लीकर | रविवार, रात्री १०:०५

आठवतात ना. पगार प्राध्यापकाचा, लेक्चर शून्य, पावसाळ्यात चार महिने कॅरम. आमचे तर जिमखान्याच्या खोलीत पेपर वाचायचे, दहाला उघडून बाराला बंद. बॅडमिंटनचं शटल मागितलं तर जणू किडनी मागितली.

पेडण्याचा पाव | रविवार, रात्री १०:११

खोर्लीकर आले. आता धागा शंभरी गाठणार.

कुळागर | रविवार, रात्री ११:३०

खोर्लीकरबाब, तुम्ही म्हणता तसेही असतात, नाही म्हणत नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात ३१ वर्षं काढली, दोन्ही प्रकार पाहिले. पण 'लेक्चर शून्य' हा हिशेब बरोबर नाही. यूजीसीने या पदाला प्राध्यापकांची वेतनश्रेणी दिली ती उगाच नाही. शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर ५५ टक्के हवेत, नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा हवी. वर आणखी एक गंमत, जी गणिताच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाला कोणी सांगत नाही: मुलाखतीला येणाऱ्याने धावून दाखवायचं. १२ मिनिटांची चाचणी. तिशीच्या आतल्या पुरुषाने १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. बायकांना आठ मिनिटांत १०००, ८००, ६००, ४००. आमच्या स्टाफरूममधल्या किती जणांनी ८०० मीटर पुरे केले असते ते मी लिहीत नाही, काही जण हा धागा वाचतात.

आता काम. सडेबाबांनी फक्की सांगितली, मी कागद सांगतो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचा म्हणजे प्रत्येक पोराचा पात्रतेचा फॉर्म. जन्मतारीख, बारावी कधी, प्रवेश कधी, मागच्या वर्षी कुठे होता, फोटो, त्यावर सही-शिक्का. वय पंचविशीच्या आत. कॉलेजच्या डायरेक्टरने तो भरायचा, प्राचार्यांची सही घ्यायची, विद्यापीठात वेळेत पोचवायचा. एकाचा फॉर्म चुकला तर तिकडे समोरचा संघ हरकत घेतो, आणि चार गड्यांच्या रिलेत एक जण बाद झाला की चारही बाद.

आपल्याकडे नावांचा घोळ तर तुम्हाला माहीतच आहे. जन्मदाखल्यावर एक आडनाव, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर त्याचंच दुसरं स्पेलिंग, आणि घरी तिसरंच. एका वर्षी सांग्याच्या एका पोराचा मूळ दाखला हवा होता. फोन नाही. आमचे डायरेक्टर संध्याकाळी पाचला स्कूटर काढून गेले, रात्री दहाला परत आले, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी, कारण वाटेत पाऊस. सकाळी माझ्या टेबलावर तो ओलसर कागद ठेवून म्हणाले, "शिक्को मार." तो मुलगा तिकडे पहिल्याच हीटमध्ये बाहेर पडला. हे मुद्दाम लिहितोय. पदक आलं असतं तर गोष्ट जास्त रंगली असती.

सड्यावरचा | रविवार, रात्री ११:५२

कुळागरबाब, परत आल्यावरची बिलंही लिहा.

कुळागर | सोमवार, सकाळी ७:१५

बिलं म्हणजे काय सांगू. अ‍ॅडव्हान्स डायरेक्टरच्या नावावर निघतो. पंधरा पोरांचं खाणं, रिक्षा, सामानाची हमाली, सगळ्याचं व्हाउचर. हमाल पावती देतो का? मिरज स्टेशनवर लिंबू सरबतवाला पावती देतो का? ऑडिटला हवी. मग अर्धी रक्कम डायरेक्टरच्या खिशातून. माझ्या माहितीतल्या एकाचा अ‍ॅडव्हान्स तीन वर्षं 'प्रलंबित' दाखवत होते, सुटला तेव्हा माणसाला दुसऱ्या संघाबरोबर जायची वेळ आली होती. यात माझ्या ऑफिसची चूक होती. मी तेव्हा ज्युनिअर होतो, पण होती.

मिरामारचा वाळू | सोमवार, सकाळी ८:५०

मिरजेचं नाव काढलंत आणि जीव कासावीस झाला! आताच्या पोरांना कोकण रेल्वे माहीत. ती पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. त्याआधी वास्कोहून मीटर गेजची गाडी, कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा करत मिरजेपर्यंत. मिरजेला उतरायचं, सामान डोक्यावर, पलीकडच्या ब्रॉडगेजला. १९९० च्या डिसेंबरात आम्ही कबड्डीवाले होतो. दूधसागरला गाडी मंदावली की सगळे एका बाजूला. सर मात्र दाराशी पाय आडवा लावून बसलेले, दर वेळी. कोणी धबधब्याकडे झेपावू नये म्हणून. सरांनी स्वतः दूधसागर कधी धड बघितला असेल की नाही, देव जाणे.

डीए, म्हणजे रोजचा भत्ता, मिळायचा तो मिरजेच्या राइसप्लेटमध्येच संपायचा. पुढचं सगळं घरून नेलेल्या चपात्या आणि सुकटाच्या किसमुरीवर. शाकाहारी डबेवाल्यांनी आमच्या डब्याजवळ बसायचं टाळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

आबोली | सोमवार, दुपारी २:२०

मी लांब लिहिणार आहे, वैतागू नका.

मी बार्देशची. कॉलेज नदीपलीकडे पणजीला. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल पडला आणि नवा व्हायला १९९२ उजाडलं. माझं सगळं कॉलेज त्या मधल्या काळात, म्हणजे बेतीच्या फेरीतून. सरावाला थांबायचं म्हणजे सहाच्या पुढची फेरी, पलीकडे उतरून बस, बस चुकली की पुढची भरून येणार. घरी उत्तर एकच, "धावून काय करायचंय तुला?"

आमचे सर (सडेबाब, वेगळे हं, पण त्याच जातकुळीचे) घरी आले. बाबा ओसरीवर. मला वाटलं आता खेळाचं महत्त्व सांगतील. एक शब्द नाही. त्यांनी बाबांसमोर फेरीचं आणि बसचं वेळापत्रक ठेवलं. लिहून आणलेलं. "सराव सव्वापाचला संपेल, पावणेसहाची फेरी, ही अमुक बस. ज्या दिवशी उशीर होईल त्या दिवशी मी स्वतः बेतीपर्यंत येईन." बाबा म्हणाले, "बरं." संपलं. माझं खेळायचं स्वातंत्र्य एका वेळापत्रकावर उभं होतं असं मी आता गमतीने म्हणते, पण तेव्हा ते वेळापत्रक मी वहीत वर्षभर जपून ठेवलं होतं.

मुलींचा संघ बाहेर जायचा तर बरोबर बाई मॅनेजर लागायची. आमच्या कॉलेजातली एकही प्राध्यापिका आठ दिवस बाहेर यायला तयार नाही, त्यांचीही घरं होती, दोष देत नाही. शेवटी सरांची बायको आली. शाळेत शिक्षिका, स्वतःची रजा टाकून. पोट बिघडलेल्या मुलीला पेज करून घालणं, रात्री खोल्या मोजणं, आणि ज्या गोष्टी आम्ही सरांना सांगू शकत नव्हतो त्या ऐकणं, हे सगळं त्या माउलीने तीन वर्षं केलं. निरोप समारंभात सरांना शाल मिळाली. त्यांना ओटी.

पहिल्या वर्षी आमच्याकडे धावायला शॉर्ट्स घालणाऱ्या दोघीच होत्या, बाकीच्या सलवारीत. सरांनी कधी 'हे घाला' म्हटलं नाही. फक्त वेळ लावली, सलवारीत एकदा आणि ट्रॅक पँटमध्ये एकदा, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवले. पुढच्या आठवड्यात सगळ्यांकडे ट्रॅक पँट.

पेडण्याचा पाव | सोमवार, दुपारी २:४१

आबोलीबाय, ___/\___

डिचोलीकर सध्या मिशिगन | सोमवार, रात्री ११:१०

वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. आबोलीताईंच्या 'बाई मॅनेजर'वरून आठवलं.

इथे अमेरिकेत विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणजे कुलगुरूंहून जास्त लोक ओळखतात असा माणूस. मी राहतो तिथल्या विद्यापीठाचे जुने डायरेक्टर डॉन कॅनहॅम. मूळचे उंच उडीवाले, १९४० चे राष्ट्रीय विद्यापीठ विजेते. मग त्याच विद्यापीठात ट्रॅकचे कोच, आणि १९६८ ते १९८८ डायरेक्टर. म्हणजे फक्कीतून वर आलेला माणूस! पण त्यांचं नाव राहिलं ते स्टेडियम भरण्यासाठी. लाखाच्या वर माणसं बसतील एवढं मैदान, आणि त्यांच्या आधी ते बरंच रिकामं असायचं. त्यांनी जाहिराती केल्या, घरच्या बाईमाणसांना आणि पोरांना डोळ्यांसमोर ठेवून. १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर प्रेक्षक, करोनाचा हंगाम सोडला तर. (सामना फुटबॉलचा. आपला नव्हे, त्यांचा, तो हातात धरून पळायचा. मी सतरा वर्षांनीही त्याला फुटबॉल म्हणत नाही.)

पण आबोलीताईंची गोष्ट वाचून मला दुसरंच नाव आठवलं. आयोवा विद्यापीठात मुलींचा क्रीडा विभागच वेगळा होता, आणि १९७३ ते २००० त्याच्या डायरेक्टर होत्या क्रिस्टीन ग्रँट, स्कॉटलंडहून आलेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही. 'टायटल नाइन' म्हणतात. कायदा कागदावर होता. मैदान, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च यांत तो उतरवायला अशी माणसं सत्तावीस-सत्तावीस वर्षं भांडत बसली. ग्रँटबाई संसदेच्या समितीपुढे जाऊन साक्ष देऊन आल्या. तुमच्या सरांनी ओसरीवर वेळापत्रक ठेवलं. काम एकच वाटलं मला.

आता इथलं सगळं बदललंय. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात. २०२५ मध्ये कोर्टाच्या तडजोडीने विद्यापीठच त्यांना थेट वाटा देऊ लागलं, पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. डायरेक्टर म्हणजे आता वकील आणि बँकर. फक्कीशी संबंध संपला.

खवचट खोर्लीकर | मंगळवार, सकाळी ९:३०

दोन कोटी डॉलर, आणि इकडे लिंबू सरबताची पावती. वा.

आता खरं बोलू? डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी छान आहेत, पण निकाल काय? आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या एकूण कामगिरीवर मौलाना आझाद ट्रॉफी १९५६-५७ पासून देतात. अमृतसर, पतियाळा, चंदीगडची विद्यापीठं ती बहुतेक वेळा आलटून पालटून घेऊन गेलीत. आपण? ३६ वर्षं फक्की मारून हाती काय लागलं?

सड्यावरचा | मंगळवार, सकाळी १०:१५

खोर्लीकरबाब, प्रश्न चुकीचा नाही. पण अमृतसर-पतियाळाशी तुलना करताना मोजा तरी. तिथे संलग्न कॉलेजं किती, आपल्याकडे किती. तिथे खेळाडू म्हणून प्रवेश मिळतो, होस्टेल मिळतं, खुराक मिळतो, पुढे पोलीस-रेल्वेत नोकरीची वाट दिसते. आपलं विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, तेव्हा गोव्याच्या पोराला विद्यापीठाच्या संघात यायचं तर आधी मुंबईच्या पोरांना हरवावं लागायचं. 'गोवा विद्यापीठ' असं छातीवर लिहिलेलं बनियन मिळालं हीच सुरुवातीच्या बॅचेसना केवढी गोष्ट. आणि आपल्याकडचा चांगला खेळाडू फुटबॉलकडे जातो, क्लबकडे. त्याला कॉलेज हजेरीपुरतं.

यावर सरांशी माझं भांडण झालं होतं. मी म्हटलं, सर तुम्ही फुटबॉलकडे लक्षच देत नाही, लोक बोलतात. गोव्यात राहून! तर म्हणाले, "फुटबॉलाक हांव कित्याक जाय? ताका अख्खें गोंय आसा." फुटबॉलला मी कशाला हवा, त्याला अख्खा गोवा आहे. हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला त्यामुळे बरीच वर्षं धड गोलपोस्टची जाळी नव्हती. हा दोष त्यांच्या नावावर लिहा.

मिरामारचा वाळू | मंगळवार, सकाळी १०:४०

लिहिला. आम्ही मासेमारीचं फाटकं जाळं लावायचो.

त्रिज्या | मंगळवार, सायंकाळी ६:२५

मी उच्च माध्यमिकला गणित शिकवते, मैदानाशी संबंध नाही. पण पहिल्या पोस्टमधला ७.०४ मला दोन दिवस टोचतोय.

लेन १.२२ ची. दुसऱ्या लेनवाल्याची त्रिज्या पहिल्यापेक्षा १.२२ ने जास्त. पूर्ण फेरीत तो २ × पाय × १.२२ जास्त धावणार, म्हणजे ७.६७. मग ७.०४ कुठून आले?

सड्यावरचा | मंगळवार, सायंकाळी ७:००

त्रिज्याताई, पुस्तकात ७.०४ च आहे. दुसरी लेन ७.०४, तिसरी १४.७१. मी नंतर पंच परीक्षेलाही तेच लिहिलं आणि पास झालो.

त्रिज्या | मंगळवार, सायंकाळी ७:२०

पास झालात याचा आनंद आहे. पण १४.७१ वजा ७.०४ किती? ७.६७. म्हणजे दुसरी-तिसरीत ७.६७ आणि पहिली-दुसरीत ७.०४? एकाच रुंदीच्या लेन आहेत ना?

पेडण्याचा पाव | मंगळवार, सायंकाळी ७:२२

*खुर्ची ओढून बसलो आहे*

दक्षिणायन | मंगळवार, रात्री ९:०५

दोघंही बरोबर आहात, ट्रॅक वेगळे आहेत. पक्क्या ट्रॅकला आतल्या बाजूने उंच काठ असतो, कर्ब. पाय लागेल म्हणून पहिल्या लेनवाला त्यापासून ३० सेंटीमीटर दूर धावतो असं धरतात. बाकीच्या लेनना नुसती रेषा, तिथे २० सेंटीमीटर. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यातला फरक १.२२ नाही, १.१२ राहतो. २ × पाय × १.१२ = ७.०४. पुढे सगळीकडे ७.६७.

पण सड्यावर कर्ब कुठला? नुसती फक्की. सडेकर स्वतःच लिहितात, २० सेंटीमीटर वजा करून दोरी १८.९०. म्हणजे तिथे पहिल्या लेनलाही २० च धरलंय, आणि दुसऱ्या लेनला ७.६७ च हवं. सरांनी ७.०४ दिलं असेल तर दुसऱ्या लेनवाला त्रेसष्ट सेंटीमीटर जास्त धावला.

सड्यावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

अरे देवा. मी तीनही वर्षं दुसऱ्या लेनमध्ये होतो.

खवचट खोर्लीकर | मंगळवार, रात्री ९:३३

हाहाहा. ३६ वर्षं सेवा!

आबोली | मंगळवार, रात्री १०:१०

थांबा, हसू नका, आधी विचारा त्यांना. सरांकडे फोन आहे ना?

कुळागर | बुधवार, सकाळी ७:०५

उत्तर येईपर्यंत एक राहिलेलं लिहितो. २०१४ च्या जानेवारीत लुसोफोनिया गेम्स झाले, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांचे. त्यानिमित्ताने बांबोळीला अ‍ॅथलेटिक्स स्टेडियम झालं. सिंथेटिक, आठ लेन, लालभडक. उद्घाटनाआधी आमच्या ओळखीचे तीन-चार जुने डायरेक्टर नुसते बघायला गेले होते, मी गाडी चालवत होतो. एक जण बूट काढून त्यावर अनवाणी चालले. दुसरे वाकून कर्ब बघत होते, हाताने चाचपून. तेव्हा मला कळलं नव्हतं काय बघतायत, काल दक्षिणायनबाबांमुळे कळलं.

मग २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर. किती वर्षं पुढे ढकलत ढकलत एकदाच्या झाल्या. अ‍ॅथलेटिक्स बांबोळीलाच. गोव्याला त्यात ९२ पदकं मिळाली, महाराष्ट्र पहिला. त्या दिवसांत कॉलेजांतले किती डायरेक्टर कॉल रूममध्ये, लांब उडीच्या खड्ड्याशी, टेबलामागे बसलेले होते ते टीव्हीवर दिसलं नाही. खेळाडूचा नंबर तपासायचा, स्पाइक्स तपासायचे, वेळेवर रांगेत आत सोडायचं. एकाने मला सांगितलं, "आयुष्यात पयलेच खेपे हांवें ट्रॅक आंखूंक ना, फकत पळयलो." पहिल्यांदाच ट्रॅक आखला नाही, नुसता बघितला.

डिचोलीकर सध्या मिशिगन | बुधवार, सकाळी ८:४०

हे वाचून गप्प बसलो.

खवचट खोर्लीकर | बुधवार, सकाळी ९:१५

ठीक आहे, एक कबुली. शटल मागितलं की किडनी मागितल्यासारखं, असं लिहिलं ना. मी जिमखान्याचा सेक्रेटरी झालो तेव्हा कळलं, वर्षाला शटलचे मोजके डबे यायचे आणि ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत पुरवायचे. मीसुद्धा कोणाला द्यायचो नाही. बाकी मतं कायम. पेपर वाचायचेच ते.

सड्यावरचा | बुधवार, रात्री ८:५०

फोन केला. धागा वाचून दाखवला, अगदी खोर्लीकरांसकट. सर ऐकत होते. फुटबॉलच्या जाळीचा दोष मान्य केला. 'सेवा' वगैरेवर काही बोलले नाहीत. ७.०४ म्हटल्यावर मात्र म्हणाले, "थांब," आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने त्यांच्या नातीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. १९९१. शाईचं पेन, त्यांचं ते डावीकडे झुकलेलं अक्षर. वर लिहिलंय: 'कर्ब नाही. सर्व लेन ०.२०.' खाली: दुसरी ७.६७, तिसरी १५.३३, चौथी २३.००.

म्हणजे ट्रॅक बरोबर होता. ७.०४ मी नंतर पंच परीक्षेसाठी पाठ केलं आणि तेच आमचं म्हणून डोक्यात बसवलं. त्रिज्याताई, दक्षिणायन, दंडवत. दुसऱ्या लेनमध्ये मी हरलो ते माझ्याच पायांनी.

परत फोन केला तेव्हा हसत होते. मग विचारलं, "तें सोड. टेप खंय आसा?" टेप कुठे आहे?

मी म्हटलं कुठली टेप. तर म्हणाले, कातडी डबीतली. १९९४ च्या स्पर्धेनंतर ती गेली ती गेलीच. चार्ज देताना स्टॉक रजिस्टरमध्ये 'टेप, ५० मी., १ नग' अजून उभी आहे, आणि त्यांच्या नावावर पैसे लावलेत. भरले त्यांनी. रक्कम किरकोळ आहे, पण रजिस्टरात 'गहाळ' असा शेरा पडलाय तो त्यांना लागलाय.

९४ च्या बॅचचं कोणी आहे का इथे?

पेडण्याचा पाव | बुधवार, रात्री ८:५८

मी नव्हे. मी ९४ ला पाळण्यात.

काणकोणचो | बुधवार, रात्री ११:४७

आयडी आजच काढला, चूकभूल माफ करा. धागा बायकोने दाखवला.

टेप माझ्याकडे आहे. चोरली नाही. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला (नोव्हेंबरात!), सगळं सामान पळवापळवीत गोळा केलं, टेप माझ्या किटबॅगेत राहिली. द्यायची म्हणून ठेवली. मग परीक्षा, मग बाबा वारले, मग नोकरी. दर वर्षी चवथीला माळा साफ करताना हाताला लागते आणि दर वर्षी लाज वाटून परत ठेवतो. एकदा घराची पायरी मोजायला काढली होती, दहा सेंटीमीटर कमी भरली, तेव्हा गवंडी मला हसला.

सडेबाब, सरांचा पत्ता खाजगी संदेशात पाठवा. रविवारी सकाळच्या कदंब बसने निघतो.

सड्यावरचा | गुरुवार, सकाळी ६:३०

पाठवला. मीही येतो. अकरापर्यंत पोच, सर बारा वाजता जेवतात आणि मग दोन तास कोणालाही दार उघडत नाहीत.

कुळागर | गुरुवार, सकाळी ७:००

येताना कॉलेजच्या नावे एक अर्ज लिहून आणा, 'वस्तू परत मिळाली, शेरा रद्द करावा'. दोन प्रती. एकीवर पोच घ्या.